कर्ण्याखाली राहिलेला आवाज

ज्या घराबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्या घराचा मी कुणी लागत नाही. आम्ही त्यांचे भाडेकरू. आमचं मूळ गाव साताऱ्याकडे. त्यांच्या गावात लग्नात बायका काय गातात आणि का गातात, हे कॉलेजात जाईपर्यंत मला माहीतही नव्हतं. शिवाय लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही कॉम्प्युटर शिकायला गेलो. तिथे मराठीत चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. तेव्हा हे लिहिण्याचा आगाऊपणा करतोय याची आधी माफी मागतो. गावातल्या कुणी वाचलं आणि एखादी रीत मी चुकीची सांगितली असं वाटलं, तर तो दोष माझ्या समजेचा धरावा. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. मीही नानाच म्हणेन.

नाना कॉम्प्युटरचे पंखे दातांनी ऐकायचे.

दुसऱ्या शब्दांत हे सांगता येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ते पंखा जोडून चालू करायला लावत. मग झब्ब्याच्या खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढत, त्याचं टोक पंख्याच्या चौकटीला टेकवत, मूठ दातांत धरत आणि डोळे मिटून उभे राहत. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला तिथून निघून जावंसं वाटलं. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघत होती. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "चाचा, चखना है क्या?" सगळे हसले. नानांना ते ऐकू गेलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, पंखा बाजूला सारला आणि खुणेनेच दुसरा मागितला. तोही नको झाला. असं करत करत काउंटर भरला, तेव्हा कुठे एक पंखा त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"ह्यो गप बसतो," ते मला म्हणाले. "आपल्याला दुसऱ्याचं ऐकाचंय. मधी बोलनारा नको."

काउंटरवरचा मुलगा आता हसत नव्हता. त्याने उरलेल्या पंख्यांपैकी एक उचलून स्वतःच्या कानाला लावला.

नानांचे कान जात चालले होते. आयुष्यभर त्यांचा धंदा साउंडचा. कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला आम्ही राहतो ते गाव. आता चारही अंगांनी टॉवर उभे राहिले आहेत, पण नानांच्या तरुणपणी सगळी भातशेती होती. त्या काळी आसपासच्या कुठल्याही गावात हळद असली की नानांचे कर्णे लागायचे. ते पत्र्याचे मोठे भोंगे आंब्याच्या झाडावर बांधले, की खाडीपलीकडच्या गावाला लग्न कळायचं. कर्ण्यांच्या शेजारी उभं राहून राहून त्यांचा उजवा कान आधी गेला. डावा थोडा उरला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोही टिकणार नाही. कानात घालायचं यंत्र त्यांनी घेतलं होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून ते चहाच्या डब्यात पडून होतं.

नानांपेक्षा मोठी त्यांची बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिला सगळे बाय म्हणत. बाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गावा लागतो. हळद दळताना वेगळा, मांडवात देवांना बोलावताना वेगळा. तो गाणारी बाई ती धवलारीण, तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. बायचा धवला लांबलचक होता आणि तिच्या गुरूनंतर तो तिच्याशिवाय कुणाला येत नव्हता. आम्ही तिथे राहायला गेलो त्याच्या आधीच बायला अर्धांगाचा झटका येऊन तिची वाचा गेली होती. ती ओट्यावर खुर्चीत बसून असायची. सगळं ऐकायची, सगळं समजायची, डाव्या हाताने लसूण सोलायची. तोंडातून शब्द मात्र उमटत नव्हता.

तिचा आवाज शिल्लक होता तो नानांच्या कॅसेटींमध्ये. पण कसा शिल्लक होता ते ऐका. नाना प्रत्येक लग्नात टेपरेकॉर्डर लावत ते आपल्या साउंडची ताकद नव्या गिऱ्हाइकाला ऐकवता यावी म्हणून. त्यामुळे प्रत्येक कॅसेटवर सिनेमाची गाणी, बेंजो, जनरेटरची धडधड, आहेर पुकारणारा माणूस. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, मांडवाच्या आतल्या कोपऱ्यात गाणारी बाय. कुणीतरी बंद दाराआड बोलावं इतकीच ती ऐकू यायची.

"मीच तिला पुरली," नाना एकदा म्हणाले. "माज्या कर्न्यांखाली. आता मीच उकरून काढाची. माजा कान हाय तवर."

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. गाणं आणि गोंगाट वेगळा करणारे प्रोग्राम असतात हे मी त्यांना बोलून गेलो होतो, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक कॅसेट चालवून दाखवायलाही बसलो होतो. लॅपटॉप तापला, गुरगुरला आणि बंद पडला. मला ओशाळल्यासारखं झालं. नानांनी त्याच्या तापलेल्या पाठीवर तळहात ठेवून बघितला. मग म्हणाले, की बैल बारका असला म्हणून नांगराला नावं ठेवायची नाहीत. आपण मोठा बैल आणू.

तिथून त्या मशीनची, म्हणजे एकेक भाग आणून जोडायच्या मोठ्या कॉम्प्युटरची, सुरुवात झाली.

नाना एकही वस्तू ऑनलाइन घ्यायला तयार नव्हते. फोटोला वजन नसतं, म्हणायचे. पॉवर सप्लाय तर ते हातात तोलूनच घेत. दोन तळहातांवर दोन ठेवून डोळे मिटून उभे राहत, भाजीवालीसारखे. हे कितपत शास्त्रीय आहे मला माहीत नाही. मी नेटवर वाचलेलं त्यांना सांगायचो आणि ते लक्ष देऊन ऐकायचे, डावा कान माझ्याकडे करून. कुठला प्रोसेसर, किती रॅम, ग्राफिक्स कार्डाला मेमरी किती हवी, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पण ठरवलेल्या जातीतली नेमकी कुठली डबी घ्यायची, ते नाना ठरवायचे. दुकानदाराने पहिली पुढे केली की ते मागची मागत. मागची का, असं मी विचारलं तर म्हणाले, पुढची सगळ्यांनी हाताळलेली असते. नवरी बघायला गेल्यासारखं करताय, असं मी म्हणालो, तेव्हा त्यांना राग आला. नवरी आपल्याला बघते, ते म्हणाले, आपण कोण तिला बघणार.

एका फेरीत एकच वस्तू. मदरबोर्ड आणला त्या दिवशी दुसरं काही आणायचं नाही. तो घरी येऊन आतल्या खोलीत पाटावर बसायचा, आणि त्याची नाना-पद्धतीने ओळख झाली की पुढची फेरी. ओळख म्हणजे ते त्याची माहितीपुस्तिका वाचत. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, पण चित्रं आणि आकडे ते अशा तन्मयतेने बघत की मला आमच्या कॉलेजातली मुलं आठवायची, मीही आठवायचो, आणि आम्ही काय शिकतो असं वाटायचं. बोर्डाला हात लावण्याआधी अनवाणी उभं राहून खिडकीचा लोखंडी गज धरायचा, हा त्यांचा नियम. अंगातली वीज उतरायला पाहिजे. नियम सगळ्यांना. आतल्या खोलीत डाळीचा डबा घ्यायला आलेल्या सूनबाईंनाही आधी गज धरावा लागे.

त्यांना मी वहिनी म्हणायचो. नानांचा मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. घर वहिनीच चालवायच्या. तोंडाने फटकळ, पण आमच्या घरात कुणी आजारी असलं की पेज पहिली त्यांच्याकडून यायची. "या घरात मी परकी," त्या माझ्या आईला सांगायच्या. "खरी सून ती आतली. तिला खोली, तिला पाट, तिला पंखे. माझ्यासाठी मिक्सर मागितला तर म्हणे गावठाणात व्होल्टेज नाही."

व्होल्टेजचं मात्र खरं होतं. आमच्याकडे संध्याकाळी बल्ब कधी पिवळा व्हायचा, कधी फुटेल असा पांढरा. अशा विजेवर हे मशीन लावायचं नाही, असं नानांनी ठरवलं, स्टॅबिलायझर आणला आणि शिवाय अंगणात खड्डा खणायला घेतला. मशीनचं स्वतःचं अर्थिंग. तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि खडेमीठ, असे थर. गावातले लोक येऊन बघून जायचे. अर्थिंगला ओल लागते, म्हणून नाना रोज सकाळी आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी त्या जागेवर तांब्याभर पाणी ओतायचे. शेजारच्या टॉवरमधली एक बाई एकदा गॅलरीतून बघून खाली आली आणि वहिनींना विचारू लागली, की हे कुठलं दैवत. वहिनी म्हणाल्या, "नवीनच आहे. अजून पावलेलं नाही." ती बाई नमस्कार करून गेली.

नाना चुकतही, आणि चुकले की पुरे चुकत. सगळ्यात आधी त्यांनी कॅबिनेट घेऊन ठेवलं होतं. छोटं, काळं, जाड पत्र्याचं. दार लावलं की जुन्या तिजोरीसारखा आवाज यायचा, त्या आवाजावर त्यांचा जीव जडला होता. ग्राफिक्स कार्ड आणलं तेव्हा ते त्यात जाईना. बोटभर जास्त लांब. दुसरं कॅबिनेट घेऊ, मी म्हणालो. नाना जेवलेच नाहीत त्या दुपारी. बाय ओट्यावरून सगळं बघत होती. संध्याकाळी नानांनी रिकामं कॅबिनेट डोक्यावर घेतलं, नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडे गेले आणि आतली चौकट कापून आणली. मग ओल्या फडक्याने, कोरड्या फडक्याने, शेवटी लोहचुंबकाने त्यातला पत्र्याचा कीस ते वेचत बसले. वहिनी म्हणाल्या, तांदूळ असे निवडले असते तर घर सुधारलं असतं. नानांनी मान वर केली नाही. कार्ड बसलं तेव्हा मात्र त्यांनी बायला आत आणलं आणि तिचा डावा हात धरून त्या कार्डावरून फिरवला. त्याआधी दोघांनी खिडकीचा गज धरला होता, हे सांगायला नको.

मशीन पहिल्यांदा चालू झालं ती रविवारची सकाळ. वडिलांना घोडबंदर रोडवर वॉचमनची ड्युटी असायची, त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली. मी बटण दाबावं असं नाना म्हणत होते, ते त्यांनी दाबावं असं मी. शेवटी ते बायने दाबलं. पडदा उजळला आणि खोलीत काहीच आवाज झाला नाही. इतकं मोठं मशीन, इतके पंखे, आणि कुठे सुळसुळसुद्धा नाही. नानांनी स्क्रूड्रायव्हर काढला, कॅबिनेटला टेकवला, दातांत धरला. मग तो माझ्या वडिलांच्या हातात दिला. वडिलांनीही निमूटपणे तसंच केलं. डोळे मिटून ते जरा वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "लांबनं पाण्याचा पाट वाहतोय असं वाटतंय."

यानंतरचं काम माझं होतं, आणि ते फसलं.

मी प्रोग्राम लावला, कॅसेटींवरून उतरवलेले आवाज त्याला दिले. लॅपटॉपवर ज्याला दिवस लागला असता ते चहा होईपर्यंत झालं. गाणाऱ्याचा आवाज एका बाजूला, बाकी गोंगाट दुसऱ्या बाजूला. मी गाणाऱ्याची बाजू लावली. त्यात सिनेमातली गायिका होती, आहेर पुकारणारा होता, सगळे स्वच्छ. बाय नव्हती. दुसरी बाजू लावली, तर बाय तिथे, जनरेटरच्या धडधडीत, पहिल्यापेक्षाही खोल. ज्यांनी तो प्रोग्राम तयार केला त्यांनी त्याला असला आवाज कधी ऐकवलाच नव्हता. त्याच्या मते ते गाणं नव्हतं.

मला नानांकडे बघवेना. ते मात्र चिडले नाहीत. "ह्याला पन ती गोंगाट वाटली," एवढंच म्हणाले. "माज्यासारकाच हाय बिचारा."

प्रोग्रामला नव्याने शिकवता येतं. पण त्यासाठी बायच्या एकटीच्या आवाजाचा नमुना लागणार होता, ज्याच्यावर दुसरं काही नाही असा. मी हे समजावून सांगितलं, आणि असं कुठलं रेकॉर्डिंग आहे का, विचारलं. नाना म्हणाले, नाही. मग उठून अंगणात गेले. खड्ड्याभोवती फिरत राहिले. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता बोलले.

एक लग्न होतं. भिवंडीकडच्या एका गावात, मोठ्या घरचं. ऐन विधीत नानांचा जनरेटर बंद पडला. डिझेल भरायचं राहिलं होतं. कर्णे मेले, दिवे गेले, वरबाप सगळ्यांसमोर नानांना नको नको ते बोलला. त्या गावात नानांना पुन्हा कधी कुणी बोलावलं नाही. डिझेल आणेपर्यंत मांडव अंधारात होता. पण धवलारीण मध्ये थांबत नाही. देवांना बोलावणं सुरू केलं की सगळे देव येईपर्यंत सोडायचं नसतं. बाय अंधारात गातच राहिली. आणि टेपरेकॉर्डर सेलवर होता.

"ती कॅसेट मी कदी वाजवली नाय," नाना म्हणाले. "माजी इज्जत गेलेली हाय तिच्यान."

ती माळ्यावरून काढली. फीत चिकटली होती. नानांनी ती उलगडून, पुसून, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरली. दार लावून, टेपजवळ कान नेऊन बारीक आवाजात लावली, तर आधी कर्ण्यांचा कल्लोळ, मग काहीतरी घरंगळल्यासारखं होऊन एकदम शांतता. आणि त्या शांततेत बायचा आवाज. मी तो आवाज कसा होता ते लिहू शकणार नाही. दोनदा लिहून खोडलं. गोड नव्हता. कुणी तरी लांबचं ओळखीचं माणूस नाव घेऊन बोलावतंय, आणि आपण गेलंच पाहिजे, असं वाटायचं. मधूनच वरबापाचा शिव्या देणारा आवाज येत होता. नानांनी तो भाग वगळू दिला नाही, फक्त तिथे मान खाली घातली.

तो तुकडा नमुना. त्याच्यावर मी नानांच्याच कॅसेटींमधला गोंगाट पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने चढवला आणि मशीनला सांगितलं, आता ओळख यातली बाय कुठली. मशीन चुकायचं, पुन्हा करायचं. ते दिवस मला विसरता येत नाहीत. बाहेर मे महिना, आत मशीन न थकता शिकतंय. नाना पाटासमोर मांडी घालून बसलेले, कॅबिनेटवर तळहात ठेवून, ताप बघितल्यासारखे. वहिनी जाता येता बोलायच्या. "परीक्षा कुणाची आहे? त्याला बदाम भिजत घालू का?" एकदा घरातली लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की मशीन, असा प्रश्न आला. वहिनींनी स्वतः उठून पंखा बंद केला.

मग एका दुपारी बाय निघाली. जुनी कॅसेट, बेंजोने भरलेली; बेंजो विरत गेला आणि तळातून ती वर आली. सगळे शब्द. नानांनी डावा कान स्पीकरला चिकटवला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून बाहेर जाऊ लागलो. तेवढ्यात त्यांनी आवाज मोठा केला. घरभर, अंगणापर्यंत. ओट्यावर बसलेल्या आपल्या बहिणीला ऐकू जावा म्हणून.

बाहेर लसणाची सुपली खाली आपटल्याचा आवाज झाला. बाय खुर्चीतून अर्धी उठली होती, चेहरा लाल, डावा हात जोरजोरात हलवत. बंद करा. आम्हाला वाटलं पुन्हा झटका आला. वहिनी धावल्या, त्यांनी बायला धरलं, तिच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघितलं आणि ओरडल्या, "नाना, आधी बंद करा ते. मांडव कुठंय?"

मला काही कळेना. वहिनींनीच नंतर सांगितलं. धवला लग्नाशिवाय गात नाहीत. त्यात देवांना हाका असतात, एकेकाचं नाव घेऊन. हाक गेली की देव निघतात. इथवर आले आणि मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही, तर त्यांना काय सांगायचं? बायने आयुष्यात एकदाही धवला विनाकारण म्हटला नव्हता, शिकवतानासुद्धा नाही. ज्यांना शिकायचं त्यांनी लग्नात तिच्या मागे बसायचं, अशी रीत. म्हणूनच कुणी शिकलं नव्हतं. कर्ण्यांमुळे मागे बसलेल्यांना ऐकूच यायचं नाही.

आनंदात रीत विसरलेले नाना लहान मुलासारखे बहिणीच्या पायाशी बसले होते. मला वाटलं, संपलं. एवढं मशीन उभं केलं आणि ते वाजवायचं नाही. मी हळूच म्हणालो, की हेडफोनवर ऐकलं तर चालेल का. नाना उठले.

"नाय," ते म्हणाले. "आता लग्न बगाचं."

आणि त्यांनी खरोखरच लग्नं शोधली. साउंडचा धंदा त्यांनी केव्हाच सोडला होता, आता कुणी न बोलावता दारोदार जाऊन सांगू लागले की तुमच्या मांडवात बायचा धवला लावतो, फक्त तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. बरेच लोक हसले. काहींनी हो म्हटलं. पेन ड्राइव्हवर घ्या, मोबाइलवर वाजेल, असं मी किती वेळा सांगितलं. ऐकतील तर ना. "पावन्याला बोलवाचा तं आख्खा बोलवाचा. निस्तं डोकं नाय न्याचं." टेम्पोत गादी घालून ते अवजड मशीन गावोगाव जायचं. मांडवात त्याला पाट, पाटाखाली तांदूळ. बायका गोळा होऊन त्याला हळदीकुंकू लावायच्या. कार्डाच्या पंख्यात कुंकू जाईल म्हणून नाना जीव मुठीत धरून उभे राहायचे, पण नको म्हणायचे नाहीत.

अडचण एकच होती. धवला विधीसाठी थांबतो. कुणाला ताट आणायला उशीर झाला तर धवलारीण तीच ओळ घोळवत राहते. मशीन थांबत नव्हतं. कुणीतरी बटणावर हात ठेवून विधी बघत थांबवायला, सोडायला हवं होतं. तिथे बायका बसणार, नाना बसू शकत नव्हते, मीही नाही. म्हणून वहिनी बसल्या. कुरकुरतच बसल्या. घरची कामं कोण करणार, म्हणाल्या. शेजारी खुर्चीत बाय. मी लांबून बघायचो. वहिनी ओळ थांबवायच्या, आणि ती जागा रिकामी वाटू नये म्हणून तीच ओळ हळू आवाजात घोळवायच्या, ताट येईपर्यंत. मग बटण सोडायच्या.

त्या हंगामात मी जमेल तितक्या लग्नांना गेलो. मग मला पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला. निघताना नानांनी मला तो स्क्रूड्रायव्हर देऊ केला, मी घेतला नाही. त्यांना लागणार होता.

पहिले काही महिने आम्ही फोनवर बोलायचो. ते ओरडून बोलायचे, मी ओरडायचो, होस्टेलची मुलं हसायची. मग त्यांनी फोन उचलणं सोडलं. मी परत परत केला. रिंग वाजून बंद व्हायची. आईला विचारलं तर ती म्हणायची, बरे आहेत, कामात असतील. मला वाटायचं, माझ्याकडून काही चुकलं का. कार्डाचं सॉफ्टवेअर मी न सांगता बदललं होतं, त्याचा राग आला का. अभ्यासात हे मधेच यायचं, आणि प्रोजेक्टमुळे दिवाळीतही घरी जाता आलं नाही.

मागच्या आठवड्यात माझी शेवटची परीक्षा झाली आणि त्या संध्याकाळी आईचा फोन आला. परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही असं तिचं आणि वडिलांचं ठरलं होतं. नानांचा डावा कानही गेला. दिवाळीच्या आधीच. आता दाताने पण नाही, ती म्हणाली. ते करून बघत होते, तिने पाहिलं होतं. मग स्क्रूड्रायव्हर त्यांनी ठेवून दिला.

आई म्हणाली, थांब, अजून आहे. परवा त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, नानांच्याच दारात मांडव. मशीन नेलंच नाही मांडवात. आत पाटावर झाकून ठेवलेलं. वहिनी बसल्या बायच्या शेजारी आणि त्यांनी धवला धरला. बटण नाही, काही नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. सगळा मांडव गप होता रे, आचारीसुद्धा भांडी वाजवीना.

नाना कुठे होते, मी विचारलं.

"पुढंच बसलेले. त्यांना काय ऐकू येणार. वहिनींच्या तोंडाकडं बघत बसलेले, शेवटपर्यंत. संपलं तसं माझ्याकडं वळले आणि केवढ्यांदा विचारलं, त्यांना कळत नाही ना आपण किती मोठ्यानं बोलतोय. सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाले, 'बराबर बोलली का गं? सगलं आलं का?' आता मला काय कळतंय त्यातलं, मी साताऱ्याकडची. पण बायचे ओठ हलत होते, वहिनींच्या बरोबरीनं, एकसुद्धा ओळ मागं-पुढं नाही. म्हणून मी मान हलवली."